झाड विचार करतंय

पाऊस आला की माणसं छत्री स्वतःच्या डोक्यावर धरतात. आमचे प्रल्हादमामा ती मोगऱ्यावर धरतात. मोगरा भिजू नये म्हणून. त्यात मामा स्वतः नखशिखांत भिजतात, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. "मला कुठं उन्हाळ्यात फुलायचंय?" असं ते म्हणतात.

हा प्रकार ऐन पावसाळ्यातला नव्हे. पावसाळ्यात मोगऱ्यानं हवं तेवढं भिजावं, मामांची ना नाही. पण दसरा झाला की मामांच्या बागेचं पाणी बंद. आणि नेमकं दसरा-दिवाळीनंतरच बंगालच्या उपसागराला काहीतरी आठवतं. तिकडं किनाऱ्यावर वादळ धडकतं आणि इकडं तारनाक्यात भुरभुर सुरू होते. बाकीचं हैदराबाद स्वेटर शोधतं, मामा छत्र्या शोधतात.

गेल्या कार्तिकात असाच पाऊस लागला असताना मी दूध आणायला निघालो होतो. मामांचं घर वाटेतच. बघतो तर मामा बनियनवर बागेत उभे, दोन हातांत दोन छत्र्या, एक फाटकाजवळच्या मोगऱ्यावर आणि एक त्याच्या शेजारच्या मोगऱ्यावर. लिंबाच्या झाडाला स्वतःचा रेनकोट घातलेला.

"शरद, बरा सापडलास," मामा म्हणाले. "निशिगंध उघडा पडलाय."

मी पन्नाशीला टेकलेला गृहस्थ आहे. कॉलेजात वाणिज्य शिकवतो. विद्यार्थी मला घाबरत नाहीत, पण रस्त्यात भेटले तर ओळख तरी दाखवतात. त्या दिवशी माझ्या वर्गातली दोन मुलं फाटकासमोरून गेली, मला निशिगंधावर छत्री धरून उभा बघितलं, आणि त्यांनी तीही दाखवली नाही.

शेजारच्या पद्मावती आंटी मात्र थांबल्या. "क्या सारू, कुछ पूजा है क्या?"

"हौ," मामा म्हणाले. "व्रत है."

"किसका व्रत?"

"इसका," म्हणून मामांनी हनुवटीनं मोगरा दाखवला. आंटी भाविक आहेत. त्यांनी चपला काढल्या आणि मोगऱ्याला नमस्कार करून गेल्या.

या व्रताला बागवाले 'ताण देणं' म्हणतात. पावसाळा सरला की मोगऱ्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड गप्प होतं. मग थंडी ओसरताना छाटणी करायची, खत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. की उन्हाळ्यात झाड फुलांनी भरून जातं. पाणी पाजतच राहिलं, तर झाड नुसती पानं काढत बसतं. यात गुपित काही नाही. कुठल्याही नर्सरीवाल्याला विचारा, तो सांगेल. पण नर्सरीवाला ही गोष्ट सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळतो. मामांनी तिच्यावर संसार उभा केला.

मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांच्या दारांवर गेली. "पाणी सोडायला मंत्री येतात," ते सांगतात, "हार घालून घेतात, फोटो काढतात. बंद करायला कोण येतं? मी." पाणी सोडणं कुणालाही जमतं, ते कधी थांबवायचं हे शास्त्र आहे, असं त्यांचं ठाम मत. निवृत्त झाल्यावर कालवे गेले आणि घराच्या अंगणातला एक नळ उरला. मामांनी खात्याची सगळी शिस्त त्या नळाला लावली. दसऱ्याला लोक घरातली हत्यारं बाहेर काढून पुजतात. मामा बागेची नळी आणि झारी पुजतात, त्यांना झेंडू वाहतात आणि माळ्यावर टाकून देतात. दसऱ्याला हत्यारं आत ठेवणारं घर आमच्याशिवाय दुसरं नसेल.

मार्गशीर्ष उजाडेपर्यंत बाग अशी दिसायला लागते, की पोस्टमन फाटकाशी थांबून घरात कुणी राहतं का ते आधी विचारतो. कुणी हळहळलं की मामांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "झाड विचार करतंय."

सकाळी फिरायला जाणारे एक खानसाहेब आहेत. फार दयाळू माणूस. हातात पाण्याची बाटली असते, ती ते फाटकाच्या गजांतून मोगऱ्याच्या बुडाशी रिकामी करायचे. एकदा मामांनी पकडलं.

"खानसाब, ये क्या कर रै?"

"पानी डाल रौं साब. देखो ना, बिचारा मर रा."

"मर नै रा. सोच रा."

खानसाहेबांनी मोगऱ्याकडं पाहिलं, मग मामांकडं पाहिलं. "कब तक सोचता जी?"

"संक्रांत तक."

"हमारा साला बी सोच रा," खानसाहेब बाटलीचं बूच लावत म्हणाले. "कित्ते बरसां हो गए. नौकरी करूं के नक्को." तेव्हापासून ते पाणी घालत नाहीत, पण रोज सकाळी फाटकाशी थांबून विचारतात, "क्या साब, कुछ फैसला हुआ?"

ताण हा फक्त झाडांनाच द्यायचा असतो, असं मामांना कधी वाटलं नाही. "लाडानं पानं येतात, ताणानं फुलं," हे वाक्य त्यांनी आमच्या घराण्यातल्या प्रत्येक मुलाच्या निकालाच्या दिवशी म्हटलेलं आहे. बी. कॉम. झाल्यावर मी मामांकडं राहून नोकरी शोधत होतो. म्हणजे गच्चीवर झोपत होतो. मामांनी जाहीर केलं, शरदला ताणावर सोडायचा. दुपारचा चहा बंद, सायकल बंद, नाश्त्याला उपम्याऐवजी पेपरातल्या जाहिराती. घरचा चहा तुटल्यावर मी कोपऱ्यावरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला लागलो. मला फुलं आली नाहीत. कावीळ झाली. मामा दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिले, कुणी घरी जा म्हटलं तरी हलेनात, आणि डॉक्टर आले की त्यांना सांगत, "ताण अंमळ जास्त झाला."

शकुंतलामामी हे सगळं बघत आलेल्या आहेत. "मला तर लग्नापासून ताणावर ठेवलंय ह्यांनी," त्या एकदा पाहुण्यांदेखत म्हणाल्या. "आली का काही फुलं?"

"तू सदाफुली," मामा म्हणाले. "तुला पाणी दिलं काय, न दिलं काय."

हे कौतुक होतं की टोमणा, याचा निकाल मामींना अजून लावता आलेला नाही. त्या दोन्ही धरून चालतात.

पण मामांनी सगळ्यात मोठा ताण दिला तो माधवीला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला. माधवी सरकारी नोकरीत होती. पक्की, पेन्शनीची. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीशिवाय दुसरं पीक घेतलेलं नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी तिनं राजीनामा दिला आणि हिमायतनगरच्या एका गल्लीत केक-पफचं दुकान काढलं.

"सरकारी नोकरी सोडून मैदा मळणार?" मामांनी विचारलं.

"हो," माधवी म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर झालंच नाही. "संक्रांतीपर्यंत विचार करू दे तिला," मामा म्हणाले, आणि तिच्याशी बोलणं तोडलं. संक्रांत आली. माधवीनं मामींच्या हाती तिळगूळ पाठवला, मामांनी मामींच्या हाती तिळगूळ पाठवला, आणि दोघांनीही तो मामींच्याच हातावर ठेवून 'गोड बोला' म्हटलं. माधवी नोकरीत परत गेली नाही. ती बापाचीच मुलगी. बाप बोलत नाही म्हटल्यावर तिनंही बापाला ताणावर सोडलं. मामी म्हणतात, "एकाच रोपाची कलमं. एकानं तरी आधी तोंड उघडावं म्हणून मी देव पाण्यात ठेवलेत. ह्या घरात तेवढेच काय ते पाण्यात आहेत."

दर गुरुवारी मामी लेकीला भेटायला जातात. मामा त्यांना स्कूटरवरून नेतात, गल्लीच्या तोंडाशी उतरवतात आणि समोरच्या इराणी हॉटेलात चहा पीत बसतात. मामी परत येईपर्यंत. मी एकदा विचारलं, "मामा, तारनाक्यात चहा मिळत नाही का?"

"तिथलं उस्मानिया बिस्किट नरम असतं."

"आणि खुर्ची नेहमी रस्त्याकडंच का?"

"वारा येतो."

तिथून दुकानाचं दार दिसतं, हे मी बोललो नाही. घरी येताना मामा मुलीबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. फक्त सिग्नलला स्कूटर थांबली की मागं न बघता म्हणतात, "त्या गल्लीत मैद्याची पोती उतरवत होते. जमीन ओली होती. खाली फळी टाकायला पाहिजे, कुणीतरी सांगायला हवं."

"मग सांगा की," मामी म्हणतात.

"मी कशाला सांगू? मी चहाला आलो होतो."

यंदाची संक्रांत होऊन गेली. मामांनी नळी खाली काढली, छाटण्या केल्या, खत घातलं. लिंबू, निशिगंध, शेजारचा मोगरा, सगळ्यांना पाणी सुरू झालं. फाटकाजवळच्या मोगऱ्याला मात्र नाही. तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात हेकट. मामा सकाळी त्याच्यापुढं उभे राहत, वाकून बघत, झारी उचलत आणि परत खाली ठेवत. खानसाहेबांनी विचारलं, "क्या साब, फैसला?" तर मामा पाठ फिरवून आत गेले. खानसाहेब मला रस्त्यात गाठून म्हणाले, "साब की तबियत तो ठीक है ना?"

मी मामींना विचारायला गेलो. त्या मेथी निवडत होत्या.

"तुला नाही का ठाऊक?" मामी म्हणाल्या. "पाणी कधी तोडायचं ते ह्यांना कळतं. कधी द्यायचं ते माधवीला कळायचं."

"म्हणजे?"

"परकरात होती तेव्हापासून. फाटकाजवळचा मोगरा लवकर कळू देत नाही. ती नखानं त्याची साल खरवडायची, आत डोकावून बघायची, मागं वळून म्हणायची, 'बाबा, आज.' की हे झारी उचलायचे. नोकरीला लागली तरी थंडीच्या शेवटाला सकाळी डबा घ्यायच्या आधी मोगरा बघून जायची. शास्त्र ह्यांचं, नख तिचं." त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. "गेल्या साली ती नव्हती. ह्यांनी घाई केली, आधीच पाणी दिलं. नुसता पाला आला, मेथीच्या जुडीसारखा. एक कळी नाही. यंदा घाबरलेत. वाट बघत बसलेत, आणि आता ते झाड जातंय की राहतंय कळेना. रात्री झोप नाही माणसाला."

"मग माधवीला बोलवा."

"मी बोलावू? मी तर दर गुरुवारी बोलावते. तिचं एकच म्हणणं, 'बाबांनी बोलावू दे.'"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या घरी आले. मामा कुणाच्या घरी जात नाहीत, लोकांनी त्यांच्याकडं यावं अशी पद्धत आहे. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आत मोगऱ्याची फांदी होती. करंगळीएवढी जाड, करडी, एक पान नाही.

"ही हिमायतनगरला एका जाणकाराला दाखवून आण."

"कोण जाणकार?"

"तुझ्या मामीला पत्ता ठाऊक आहे."

"काय विचारू?"

"विचारायचं काही नाही. दाखव फक्त."

"आणि कुणी पाठवली म्हणून विचारलं तर?"

मामांनी बराच वेळ माझ्या घरातल्या कॅलेंडरकडं पाहिलं. "सांग, तारनाक्याहून आलीय."

मी गेलो. दुकानात गर्दी होती. माधवी कोपरापर्यंत मैद्यात होती. मी काउंटरवर, बर्फीच्या आकाराच्या केकशेजारी, ती फांदी ठेवली. एका गिऱ्हाइकानं तिचा भाव विचारला.

"शरददादा, हे काय?" माधवी म्हणाली, पण म्हणता म्हणता तिनं हात पुसला होता आणि फांदी उचललीही होती. "फाटकाजवळच्याची ना?"

"कसं ओळखलंस?"

"बाकीची त्यांना जमतात." तिनं अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. "कुणी पाठवली?"

"तारनाक्याहून आलीय."

"एकटीच आली? बसनं?"

"माझ्याबरोबर."

"काही निरोप?"

"दाखव फक्त, म्हणाले."

"कोण म्हणालं?"

मी वाणिज्याचा माणूस. तोट्याचा व्यवहार ओळखतो. केकचे भाव वाचायला लागलो. माधवीनं फांदी उलटी करून खालच्या टोकाशी नख लावलं, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा खरवडली. चेहऱ्यावर काही दिसेना. मग एकदम चिडली.

"टोकाला वाळलीय. बुडाशी काय आहे ते मला इथं बसून कसं कळणार? डॉक्टरकडं कुणी पेशंटचं बोट पाठवतं का?" तिनं अ‍ॅप्रन काढून खुंटीला अडकवला आणि आतल्या बाईंना दुकान बघायला सांगितलं. "चल."

"आत्ता?"

"मग काय, आणखी विचार करू देणार आहेस त्याला?"

रिक्षात ती बाहेर बघत बसली. नारायणगुड्याचा सिग्नल लागला तेव्हा एकदाच म्हणाली, "हट्टी आहे नुसता."

"कोण?"

"मोगरा."

मामा अंगणातच होते. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली, आणि तिला बघून ताबडतोब माझ्याकडं बघितलं. "जाणकार आले का?"

"आले."

माधवी थेट मोगऱ्याशी जाऊन उकिडवी बसली. बोटांनी माती उकरली, खोडाच्या अगदी बुडाशी गेली. मामा तिच्या मागं उभे राहून कुंपणाच्या भिंतीकडं बघत होते. निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डासमोर मुलं अशीच दुसरीकडं बघत उभी असतात, मी दरवर्षी बघतो. मामी दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

नखाचा बारीक आवाज झाला.

"हिरवं आहे," माधवी म्हणाली.

"मला वाटलंच होतं," मामा म्हणाले.

"खोटं," मामी दारातून म्हणाल्या.

"वरचं सगळं कापावं लागेल," माधवी झाडाला सांगावं तसं सांगत होती. "यंदा फुलं बेताचीच येतील."

"येऊ देत बेताची," मामा म्हणाले. हे वाक्य मामांच्या तोंडून आमच्या घराण्यात कुणी ऐकलेलं नाही.

"पाणी आणा."

मामा झारी सोडून घरात गेले आणि पितळी तांब्या भरून घेऊन आले. घाईत आले, पायऱ्यांवर अर्धा सांडला. तिच्या शेजारी वाकून त्यांनी तांब्या कलता केला.

"हल्लू, बाबा," माधवी म्हणाली. "हल्लू. इतके दिवस कोरडं आहे ते. एकदम नाही झेपायचं."

मामांचा हात थांबला. मग त्यांनी धार इतकी बारीक केली, की पाणी पडतंय की नाही ते ऐकूनच कळावं. तांब्या संपला.

माधवी उठली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात होते. मामा नळाशी जाऊन तांब्या भरून आले आणि नुसतं "हात" म्हणाले. तिनं हात पुढं केले. ते पाणी घालू लागले, ती चोळू लागली.

"तुझ्याकडं," मामा तिच्या हातांकडं बघत म्हणाले, "बिनअंड्याचं काही असतं का?"

"असतं."

"केकसुद्धा?"

"केकसुद्धा. निम्मं दुकान बिनअंड्याचं आहे, बाबा."

"मग हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं का नाही?" मामांनी माझ्याकडं आणि मामींकडं असं पाहिलं, की जणू सगळा दोष आमचाच होता. आम्ही दोघांनी तो घेतला. मामी म्हणाल्या, "राहिलं खरं सांगायचं," आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

तांब्या रिकामा झाला. माधवीचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, पण तिनं ते मागं घेतले नाहीत. मामा दुसरा तांब्या भरायला गेले.